उत्तररंग

चित्रं पाहण्याची आवड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आवडता कालखंड कोणता? उत्तरंही ठरलेलीच आहेत. कुणी पंधराव्या शतकातलं फ्लॉरेन्स सांगतं, कुणी सतराव्या शतकातले डच चित्रकार, आणि बरेचजण मोने-रेन्वारच्या पॅरिसपाशी येऊन थांबतात. मी हल्ली सरळ सांगून टाकते: म्हातारपण. शतक कुठलंही चालेल, देश कुठलाही चालेल, पण चित्रकाराचं म्हातारपण.

लोकांना ही थट्टा वाटते. त्यामागे माझी एक जुनी खोड आहे. चित्राखालची पाटी वाचताना मी आधी साल बघते आणि त्यातून चित्रकाराचं जन्मसाल वजा करते. रेम्ब्राँचं ‘द नाइट वॉच’ १६४२ चं, म्हणजे तो तेव्हा ३६ वर्षांचा. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ १५०४ मध्ये उभा राहिला तेव्हा त्याचा कर्ता तिशीलाही पोचला नव्हता. आणि होकुसाईची ती लाट, जी आज छत्र्यांवर, कपांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर फुटत असते, ती १८३१ च्या सुमाराची, म्हणजे सत्तरी गाठलेल्या माणसाची. कला-इतिहासाची पुस्तकं चित्रकारांना शतकांच्या आणि वादांच्या कप्प्यांत बसवतात. त्यात सोय आहे, मी नाकारत नाही. पण वयानं मांडणी केली की भलतेच लोक शेजारी येऊन बसतात. व्हेनिसच्या तिशियनच्या बाजूला माद्रिदचा गोया, त्याच्या बाजूला जपानचा होकुसाई, पलीकडे कात्री हातात घेतलेला मातीस. एकमेकांची भाषा न येणारी ही मंडळी चित्रात मात्र बरंच सारखं काही बोलतात.

म्हातारपणी शहाणपण येतं आणि शहाणपणामुळे चित्रं थोर होतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. शहाणपणानं चित्रं बिघडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. माझं कुतूहल वेगळं आहे. ज्या कसबावर माणसानं जन्मभर पोट भरलं आणि नाव कमावलं, ते कसब तो एके दिवशी खाली ठेवतो. कधी हात चालत नाही म्हणून, कधी डोळे साथ देत नाहीत म्हणून, कधी निव्वळ कंटाळा आला म्हणून. आणि तरीही तो चित्र काढायचं थांबत नाही. कसब वजा जाता जे उरतं ते मला बघायचं असतं.

यातली बहुतेक चित्रं मी पुस्तकांत आणि पडद्यावर पाहिली, हेही सांगायला हवं. म्हातारपणच्या चित्रांवर त्यानं जास्तच अन्याय होतो. रंगाचा थर, खरवडलेली जागा, तळाचा उघडा राहिलेला कॅनव्हास, या सगळ्यावरच ती उभी असतात आणि छपाईत पहिल्यांदा मरतं ते हेच.

तिशियनपासून सुरुवात करावी लागते, कारण चित्रकाराच्या म्हातारपणाची गोष्ट खऱ्या अर्थानं त्याच्यापासून सुरू होते. त्याचं नक्की वय हा एक गमतीचा विषय आहे. १५७१ मध्ये त्यानं स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाला पत्र लिहिलं आणि त्यात आपण ९५ वर्षांचे असल्याचं कळवलं. थकलेल्या पैशांची आठवण करून देणारं पत्र होतं ते, त्यामुळे वयाचा आकडा जितका मोठा तितका बरा, असा हिशेब असावा. आजचे अभ्यासक त्याचा जन्म १४८८ ते १४९० च्या आसपास धरतात. म्हणजे बुवांनी सरळ बाराएक वर्षं वाढवून सांगितली होती. वय चोरणारे लोक आपण सगळेच ओळखतो, वाढवणारा हा विरळा.

पण ऐंशीच्या पुढे तो होताच. तरुणपणच्या तिशियनचं ‘बॅकस आणि आरिआड्ने’ पाहिलं तर निळ्याचा तो थाट, बाह्यरेषेचा तो बांधेसूदपणा, कापडाच्या प्रत्येक चुणीची घेतलेली दखल, सगळं डोळ्यांत भरतं. आणि मग ‘मार्सियासची कातडी सोलताना’ हे चित्र पाहावं. चेक प्रदेशातल्या क्रोम्येर्झीझ या गावी, आर्चबिशपच्या राजवाड्यात ते आहे. तिशियनच्या आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांतलं. गोष्ट ग्रीक आहे. मार्सियास या वनदेवानं अपोलोला संगीतात आव्हान दिलं, हरला, आणि शिक्षा म्हणून जिवंतपणी सोलला गेला. तिशियननं त्याला झाडाला उलटा टांगला आहे. अपोलो गुडघ्यावर बसून, एखादं नाजूक काम करावं तशा एकाग्रतेनं सुरी चालवतो आहे. एकजण वाद्य वाजवतो आहे. खाली एक छोटं कुत्रं ओघळलेलं रक्त चाटतं आहे. आणि उजवीकडे मिडास राजा हनुवटीला हात लावून बसला आहे, बघतो आहे. या मिडासच्या चेहऱ्यात तिशियननं स्वतःलाच काढलं, असं अनेकांना वाटतं. मलाही तसंच वाटायला आवडतं.

या चित्रात रंग असे वेगळे सांगता येत नाहीत. तपकिरी, गंजका, मातकट, मधूनच एखादी लालसर ठिणगी. झाड कुठं संपतं आणि अंग कुठं सुरू होतं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी १५६६ मध्ये व्हेनिसला जाऊन तिशियनला भेटला होता, आणि दोन वर्षांनी छापलेल्या चरित्रग्रंथात त्यानं लिहिलं की तरुणपणची चित्रं जवळून आणि लांबून सारखीच बघता येतात, ही नवी मात्र जवळून काहीच दिसत नाहीत आणि लांबून परिपूर्ण दिसतात. त्यानं पुढे एक इशाराही दिला आहे: हे सहज केल्यासारखं दिसतं, पण तसं नाही, पुन्हापुन्हा रंगवूनच ते असं झालं आहे. त्याची नक्कल करायला गेलेल्यांनी ओबडधोबड चित्रं काढली, असंही तो म्हणतो. ही टिप्पणी चारशे वर्षं उलटून गेली तरी शिळी झालेली नाही.

तिशियन प्रत्यक्ष कसं काम करायचा याचं एक वर्णन त्याच्या पुढच्या पिढीतल्या पाल्मा या चित्रकारानं सांगितलेलं म्हणून बोस्किनी या कलालेखकानं नोंदवलं आहे. तिशियन चित्राचा पाया घालायचा आणि कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा, कधीकधी महिनोन्महिने. मग तो फिरवून, जणू आपला हाडवैरीच समोर उभा आहे अशा नजरेनं त्यातले दोष शोधायचा. आणि शेवटचा हात फिरवताना कुंचल्यापेक्षा बोटांनीच जास्त रंगवायचा. ऐकीव माहिती आहे, तिखटमीठ लागलं असेल. पण ‘मार्सियास’समोर ती पटते. तिथे रंग लावलेला नाही, चोळलेला आहे.

ही चित्रं पुरी झाली होती की अर्धवट राहिली, हा वाद अजून चालू आहे. माझ्यापुरता तो संपलेला आहे. जो माणूस चित्र महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून ठेवतो, त्याच्यासाठी पुरं आणि अपुरं या शब्दांचा अर्थच सैल झालेला असतो. १५७६ मध्ये व्हेनिसमध्ये प्लेगची साथ असताना तो गेला. पाठोपाठ मुलगा ओरात्सिओही. स्वतःच्या थडग्यासाठी सुरू केलेलं ‘पिएता’, म्हणजे मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी, हे चित्र राहून गेलं होतं, ते पाल्मानं पूर्ण केलं. त्याच्या कोपऱ्यात एक चिमुकली नवसाची पाटी रंगवली आहे: बाप आणि मुलगा गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. 

तिशियनच्या आधी जोव्हान्नी बेलिनीचं नाव घ्यायला हवं होतं, कारण म्हातारपणी नवं शिकण्याचा वस्तुपाठ त्यानंच घालून दिला. १५०६ मध्ये तरुण जर्मन चित्रकार ड्यूरर व्हेनिसमध्ये होता. त्यानं मित्राला पत्रात कळवलं की बेलिनी फार म्हातारा झालाय, पण चित्रकलेत अजूनही सगळ्यांत श्रेष्ठ तोच. हा माणूस जन्मभर मुख्यतः मेरी आणि बाळ येशू रंगवत आला. आणि ऐंशीच्या आसपास, मृत्यूच्या आदल्या वर्षी, १५१५ मध्ये, त्यानं आरशासमोर बसलेली एक नग्न तरुणी काढून खाली सही केली. व्हिएन्नात आहे ते चित्र. जॉर्जोने आणि तिशियन यांनी, म्हणजे त्याच्याच हाताखालून गेलेल्या पोरांनी जे नवं आणलं होतं, ते त्यानं निमूट उचललं. गुरूनं शिष्याकडून शिकण्याचा गाजावाजा करायची गरज त्याला वाटली नाही.

डच चित्रकार फ्रान्स हाल्सचं १६६४ मधलं चित्र: हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त बायका. काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, पाच चेहरे. हाल्स तेव्हा ऐंशी ओलांडलेला, नगरपालिकेच्या मदतीवर जगणारा. त्या बायका म्हाताऱ्या आहेत, काढणारा म्हातारा आहे, आणि कुणीच कुणाला सवलत देत नाही. व्हॅन गॉगनं १८८५ मध्ये भावाला लिहिलं होतं की हाल्सकडे काळा रंग निदान २७ प्रकारचा आहे. त्या आकड्याची पडताळणी मी केलेली नाही, पण या चित्रात काळ्याची मोजदाद सुरू केली की थांबता येत नाही, एवढं खरं.

व्हॅन गॉगला मी मुद्दाम इथे आणलं, कारण रेम्ब्राँकडे जाताना तो वाटेत लागतोच. त्याच १८८५ च्या शरद ऋतूत अ‍ॅमस्टरडॅमचं नवं राइक्स म्युझियम नुकतंच उघडलं होतं. व्हॅन गॉग मित्राबरोबर गेला आणि ‘ज्यू वधू’ या चित्रासमोर बसून राहिला, हलेचना. मित्र बाकीचं संग्रहालय बघून परत आला तरी हा तिथेच. त्या मित्राच्या आठवणीनुसार तो म्हणाला की नुसत्या कोरड्या पावाच्या तुकड्यावर या चित्रासमोर पंधरा दिवस बसायला मिळणार असेल तर आयुष्याची दहा वर्षं देईन. त्याच्याकडे द्यायला दहा वर्षं नव्हती. पाच वर्षंही पुरी नव्हती. ३७ व्या वर्षी तो गेला. राफाएलही ३७ व्या, कारावाज्जो ३८ व्या. वजाबाकीच्या खेळात ही नावं आली की मी पुढे सरकते. या लोकांचं उत्तरायुष्य आपल्याला मिळालेलंच नाही, आणि त्याबद्दल अंदाज करणं हा रिकामटेकडेपणा आहे. तरीही मी तो करते. साठीतला व्हॅन गॉग १९१३ मध्ये वस्तू कोनाकोनांत फोडून काढणाऱ्या क्युबिस्टांची चित्रं बघतोय, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

‘ज्यू वधू’ हे नाव रेम्ब्राँनं दिलेलं नाही, ते एकोणिसाव्या शतकात चिकटलं. बहुधा बायबलमधले इसाक आणि रिबेका असावेत. पुरुषाचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा छातीवर. तिनं त्या हातावर आपली बोटं टेकवली आहेत. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. त्याच्या पिवळ्या बाहीवर रंग इतका जाड थापला आहे, खरवडला आहे, पुन्हा थापला आहे, की ती बाही रंगवली नसून गवंड्यानं बांधली आहे असं वाटतं. १६५६ मध्ये रेम्ब्राँचं दिवाळं निघालं होतं. घर गेलं, चित्रं गेली, जमवलेल्या शिंपल्या, शस्त्रं, मूर्ती लिलावात गेल्या. १६६३ मध्ये त्याची सहचरी हेन्ड्रिकये गेली, १६६८ मध्ये मुलगा तितुस गेला, पुढच्या वर्षी तो स्वतः. ६३ हे काही फार वय नाही. पण त्या शेवटच्या दशकातली आत्मचित्रं बघताना आकडा निरर्थक होतो.

त्या आत्मचित्रांबद्दल एक तक्रार मात्र आहे, रेम्ब्राँबद्दल नाही, त्यांच्यावर लिहिणाऱ्यांबद्दल. दिवाळं, मृत्यू, एकाकीपण अशी यादी वाचून मग चित्रात दुःख शोधायचं, ही आपल्याला जडलेली सवय आहे. मीही वरच्या परिच्छेदात तीच यादी दिलीच की. प्रत्यक्षात कोलोनमधल्या आत्मचित्रात तो चक्क हसतोय, तेही दात पडलेल्या माणसासारखं. आणि लंडनच्या केनवुड हाउसमधल्या चित्रात, पाठीमागे दोन मोठी अर्धवर्तुळं आणि हातात रंगपाटी घेऊन, तो एखाद्या पाटलासारखा उभा आहे. त्या चित्रात हात आणि रंगपाटी यांचे नुसते चार फटकारे आहेत. ज्या हातानं हे चित्र काढलं तोच हात काढायची त्यानं तसदी घेतली नाही. दुःखी माणसाला इतका माज परवडत नाही.

आता गोया. सगळ्यांत जास्त वेळ मी याच म्हाताऱ्याबरोबर घालवला आहे.

१७९२-९३ च्या आजारानं तो ठार बहिरा झाला. तेव्हा तो स्पेनच्या दरबारचा चित्रकार होता आणि पुढेही राहिला. १८१९ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यानं माद्रिदच्या बाहेर मान्सानारेस नदीपलीकडे एक घर घेतलं. लोक त्या घराला ‘बहिऱ्याची वाडी’ म्हणत. गंमत अशी की ते नाव गोयावरून पडलेलं नाही, आधीचा मालकही बहिराच होता. या घराच्या दोन मजल्यांच्या भिंतींवर, थेट गिलाव्यावर, गोयानं तैलरंगात १४ चित्रं काढली. कुणी मागितली नव्हती. कुणाला विकायची नव्हती. त्यांना त्यानं नावंही दिली नाहीत; आज आपण जी वापरतो ती सगळी इतरांनी ठेवलेली. आपल्याच पोराला खाणारा रोमन देव शनी, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून एकमेकांना सोट्यांनी झोडपणारी दोन माणसं, सूप पिणारे दोन म्हातारे ज्यांतला एक जवळपास कवटीच आहे. जेवणाच्या खोलीत माणसानं हे रंगवावं आणि मग तिथं बसून जेवावं!

त्यातलं मला सगळ्यांत जवळचं चित्र कुत्र्याचं. उभा, चिंचोळा चौकोन. जवळजवळ सगळा गढूळ पिवळ्या, गेरूच्या रंगानं भरलेला. खाली एक गडद उतार, आणि त्या उतारामागून वर आलेलं कुत्र्याचं फक्त डोकं. ते वर बघतंय. वर काही नाही. ते बुडतंय, की चढ चढतंय, की मालकाची वाट बघतंय, काहीच कळायला मार्ग नाही. चित्राचा बहुतेक भाग रिकामा ठेवायचं धाडस १८२० च्या सुमारास क्वचितच कुणी करत होतं.

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवून या चित्राबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. १८७० च्या दशकात एर्लांजे नावाच्या बँकरनं ते घर विकत घेतलं आणि मार्तिनेस कुबेल्स या जीर्णोद्धार करणाऱ्या चित्रकाराकडून भिंतीवरची चित्रं सोलून कॅनव्हासवर चढवून घेतली. त्यात बराच रंग गेला. जिथे गेला तिथे कुबेल्सनं भरला. १८७८ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली, फारसं कुणी विचारलं नाही, आणि १८८१ मध्ये ती स्पेन सरकारला भेट देऊन टाकली. आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. म्हणजे आपण ज्या रिकामपणाला थरारून जातो, त्यातला गोयाचा किती आणि पडझडीचा किती, हे सांगता येत नाही. मला याचा त्रास व्हायला हवा. होतही असे. आता वाटतं की कुत्र्याचं ते डोकं, तो कान, वर गेलेली ती नजर कुणा कारागिराच्या डागडुजीतून येणार नाही. तेवढं मला पुरतं.

गोयाची गोष्ट ‘काळी चित्रं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भिंतीवरच्या चित्रांपाशी संपवायचा मोह बहुतेकांना होतो. मला उलट तिथून पुढचा गोया जास्त आवडतो. १८२४ मध्ये, ७८ व्या वर्षी, तो स्पेन सोडून फ्रान्समध्ये बोर्दोला गेला. बहिरा, परक्या भाषेत. आणि तिथे त्यानं काय करावं? लिथोग्राफी, म्हणजे शिळाछापाचं तेव्हा नवंच असलेलं तंत्र, हाताशी धरलं आणि १८२५ मध्ये बैलझुंजींची चार मोठी चित्रं छापली. दगड आडवा ठेवून त्यावर वाकायच्या ऐवजी कॅनव्हाससारखा उभा करून तो त्यावर काम करायचा, डोळ्याला भिंग लावून. त्याच वर्षी एका मित्राला पाठवलेल्या पत्रात तो लिहितो की नजर नाही, नाडी नाही, लेखणी नाही, दौत नाही, सगळ्याचीच वानवा आहे. इच्छा तेवढी उतू जाते आहे. त्या काळातलं एक छोटं रेखाटन आहे: पांढऱ्या दाढीचा वाकलेला म्हातारा दोन काठ्या टेकत चाललाय, आणि वर लिहिलंय, ‘अजून शिकतोय’. १८२८ मध्ये तो बोर्दोतच गेला.

होकुसाई हे त्याच सुराचं जपानी टोक. १८३४ मध्ये फुजी पर्वताच्या शंभर दृश्यांच्या पुस्तकाला जोडलेल्या मजकुरात त्यानं म्हटलंय की सहाव्या वर्षापासून मी वस्तूंचे आकार काढतोय, पण सत्तरीपूर्वी काढलेलं काहीच दखल घेण्याजोगं नाही. ७३ व्या वर्षी पशुपक्षी, किडे, मासे यांची ठेवण जरा कळू लागली. ८० व्या वर्षी प्रगती होईल, ९० व्या वर्षी मर्मात शिरेन, आणि ११० व्या वर्षी माझा प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेघ जिवंत असेल. खाली सही: चित्रानं वेडावलेला म्हातारा. यातला विनय मला खोटा वाटत नाही आणि बढाई तर त्याहून खोटी वाटत नाही. १८३९ मध्ये घराला आग लागून त्याचं बरंच काम जळालं. त्यानंतरच्या वर्षांत तो रोज सकाळी एक सिंह काढायचा, संकट टळावं म्हणून. त्यातले काही सिंह चक्क नाचताहेत. त्याची मुलगी ओई स्वतः उत्तम चित्रकार होती आणि त्याच्या शेवटच्या काळातल्या कामात तिचा हात किती, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातो. विचारलाच पाहिजे. म्हाताऱ्या चित्रकाराच्या आसपास बहुधा कुणीतरी रंग कालवणारं, कागद धरणारं, जेवायला उठवणारं असतं, आणि बहुधा ती बाई असते.

डोळ्यांबद्दल थोडं. मोनेच्या मोतीबिंदूचं निदान १९१२ मध्ये झालं, आणि तो शस्त्रक्रियेला १९२३ पर्यंत टाळत राहिला. मधल्या काळातली जपानी पुलाची चित्रं लाल-तपकिरी आगीसारखी आहेत. पूल ओळखायला आधी सांगावं लागतं की इथे पूल आहे. मग लोक म्हणतात, बघा, हा तर मोतीबिंदू! अशा निदानांची मला चीड येते. एल ग्रेकोची लांबुडकी माणसं डोळ्यांच्या दोषामुळे, हाही असाच एक लाडका सिद्धांत. ज्याला माणूस लांबुडका दिसतो त्याला स्वतःचं चित्रही तसंच लांबुडकं दिसणार, म्हणजे हिशेब फिटला, एवढा साधा विचार कुणी करत नाही. मोनेच्या बाबतीत रंगांवर परिणाम झालाच होता, तो स्वतःही कुरकुरत असे. पण अधू डोळ्यांचा माणूस चित्र थांबवू शकतो, लहान काढू शकतो. यानं काय केलं? पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पंतप्रधान क्लेमान्सोला पत्र लिहून फ्रान्सला कमळांची चित्रं देऊ केली, आणि देऊ केलेली चित्रं वाढत वाढत सुमारे ९० मीटर लांबीची झाली. १९२७ मध्ये पॅरिसच्या ओरान्जरी संग्रहालयाच्या दोन लंबगोल दालनांत ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा मोनेला जाऊन काही महिने झाले होते. ही चित्रं पुस्तकात पाहण्यात अर्थ नाही. तिथे क्षितिज नाही, काठ नाही. उभं कुठं राहायचं हे चित्र सांगत नाही.

उतारवयातली सगळीच चित्रं मला आवडतात असं नाही. रेन्वारची बोटं संधिवातानं वळली होती, तरी तो रोज रंगवत असे, याबद्दल आदर आहे. पण त्याच्या शेवटच्या त्या गुबगुबीत, केशरी न्हाणाऱ्या बायका बघून मला गुदमरल्यासारखं होतं. मातीसला त्या फार थोर वाटत. असोत. आणि इटालियन चित्रकार दे किरिको तर म्हातारपणी स्वतःच्याच तरुणपणच्या चित्रांच्या नकला काढून त्यांवर जुनी सालं घालत असे. माझी वजाबाकी बिघडवणारा असा दुसरा नाही.

मातीसचं स्वतःचं म्हातारपण मात्र याच्या अगदी उलट. १९४१ मध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, आणि उरलेला बराच काळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत गेला. ईझलसमोर उभं राहणं संपलं. मग साहाय्यकांनी कागद गुआश या अपारदर्शक जलरंगानं रंगवायचे आणि यानं कात्रीनं कापायचे, भिंतीवर टाचण्यांनी लावून घ्यायचे, ‘जरा वर, डावीकडे’ करत जागा बदलायच्या. ‘द स्नेल’ १९५३ चं, म्हणजे ८३ व्या वर्षीचं. जवळपास तीन मीटरचा चौरस, त्यात रंगीत कागदाचे दहाबारा ओबडधोबड तुकडे, गोगलगायीच्या शंखासारखे वळत गेलेले. हे पोरखेळासारखं वाटतं, आणि पोरांना करायला दिलं की लगेच कळतं, पोरखेळ नाही. गोयाचा राग, तिशियनचा अंधार, यातलं काही इथे नाही. म्हणून ‘उत्तरकाळाची शैली’ अशी एक शैली असते हे मी मानत नाही. साम्य एवढंच, की सगळ्यांनी सामान कमी केलं.

कात्रीवरून शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आठवणं अपरिहार्य आहे. जन्मापासून एक डोळा गेलेला, दुसरा जेमतेम. तशा नजरेनं त्यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं ते प्रचंड भित्तिचित्र उभं केलं. १९५७ मध्ये शस्त्रक्रिया फसली आणि उरलेली नजरही गेली. वय ५३. पुढची वीसहून अधिक वर्षं ते कागद कापून चित्रं करत राहिले, शिल्पं करत राहिले, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्याच कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी टाइल्सचं एक मोठं भित्तिचित्र केलं. करुणेनं भारावून ते बघायला जाणाऱ्याची निराशा होईल. आकार ठाम आहेत, अंतरं नेमकी आहेत. दया मागणारं त्यात काही नाही.

आणि शेवटी असा एक जण, ज्याच्यापुढे माझा सगळा सिद्धांत आडवा होतो. रवींद्रनाथांचं चित्रकार म्हणून पूर्वायुष्यच नाही. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना जोडत जोडत आकार काढायची सवय १९२४ च्या सुमारास बळावली, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन, आणि गेले तोवर दोन हजारांहून जास्त चित्रं. त्यांनी खाली ठेवावं असं चित्रकलेतलं कसब कमावलेलंच नव्हतं. शब्दांचं कसब होतं, आणि ते त्यांनी इतकं बाजूला ठेवलं की चित्रांना नावंसुद्धा देईनात. कवितेत जे कधी आलं नाही ते इथे आलं: दात विचकणारी, कुठल्याच पुराणात नसलेली जनावरं, शाईत बुडालेले बायकांचे लंबगोल चेहरे, सरळ रोखून बघणारे डोळे. हे नवशिक्याचं काम म्हणावं तर मागे सत्तर वर्षांचा माणूस उभा आहे, आणि म्हाताऱ्याचं म्हणावं तर रेघेत सगळा पहिलटकर हट्ट आहे. ही चित्रं गोयाच्या कुत्र्याशेजारी ठेवावीत की होकुसाईच्या सिंहांशेजारी, माझं अजून ठरलेलं नाही.